ब्रेक नसलेली गाडी आणि एकच क्लब

मा. संपादक,

स.न.वि.वि.

विषय : स्पीडवे शर्यती आणि एकाच क्लबसाठी कारकीर्द घालवणारे रायडर

स्पीडवे मोटरसायकल शर्यतींच्या चित्रफिती सध्या मोबाइलवर भरपूर फिरतात. मातीचा लंबगोल ट्रॅक, वळणावर आडव्या झालेल्या चार गाड्या आणि खाली ठरलेली ओळ : ‘या गाडीला ब्रेकच नसतो!’ मराठी क्रीडापानांवर हा खेळ मुळात क्वचित येतो. आला तर एखाद्या भीषण अपघाताच्या किंवा जगज्जेतेपदाच्या निमित्ताने. त्यामुळे वाचकांचा समज असा होतो की, हा जिवावर उदार झालेल्या एकट्यादुकट्याचा खेळ आहे. तसे नाही. स्पीडवे हा सर्वांत आधी क्लबांच्या साखळी सामन्यांचा, सात जणांच्या संघाचा खेळ आहे. आपली उमेदीची सगळी वर्षे एकाच क्लबला देणारा रायडर काय करत असतो, हे समजल्याशिवाय हा खेळ कळत नाही. जगज्जेत्यांच्या यादीत ते काम दिसत नाही.

आधी गाडीविषयी, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. इंजिन ५०० सीसीचे, एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक. इंधन मिथेनॉल. कार्ब्युरेटर ३४ मिलिमीटरचा. गाडीचे किमान वजन ७७ किलो, म्हणजे आपल्याकडच्या साध्या १०० सीसी गाडीपेक्षाही तीसेक किलोने हलकी, आणि ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. क्लच असतो, पण गिअर बदलण्याची सोय नसते. पुढचे चाक २३ इंची, मागचे १९ इंची. सगळी वळणे डावीकडेच असल्याने डाव्या बुटाखाली पोलादी पत्रा बांधतात आणि तो पाय मातीवर टेकवत वळण घेतात. उजव्या बाजूला पाय अडकवून धरायला आकडा असतो.

ब्रेक नसण्यामागे धाडसाचा काही संबंध नाही. चार गाड्या हँडलला हँडल भिडवून वळणात शिरतात. पुढच्याने ब्रेक दाबला तर मागच्याला वाचायला जागाच उरत नाही. वेग मारण्याचे काम आडवी सरकणारी गाडी करते. थ्रॉटल उघडाच असतो, मागचे चाक फिरत फिरत बाहेर सरकते, गाडीचे तोंड आतल्या बाजूला आणि पुढचे चाक मात्र उजवीकडे वळवलेले. अशा वेळी घाबरून थ्रॉटल एकदम मिटला तर मागच्या चाकाला अचानक पकड मिळते. गाडी झटक्यात सरळ होते आणि रायडरला उचलून फेकते किंवा त्याच्यासकट थेट बाहेरच्या कुंपणावर जाते. नवशिक्याला सगळ्यात आधी मोडावी लागते ती हीच सवय : भीती वाटली की मनगट सोडण्याची. रायडर पडलाच तर मनगटाला बांधलेली दोरी खेचली जाऊन इग्निशन बंद होते, म्हणजे गाडी मोकाट फिरत नाही. मोठ्या ट्रॅकवर वळणांच्या कुंपणाला हवा भरलेल्या गाद्या लावतात.

हे सगळे मातीवर चालते, कारण मातीवरची घसरण हळूहळू वाढते आणि हळूहळू कमी होते. डांबरावर टायर पकडतो किंवा सुटतो, मधली पायरी फार अरुंद. म्हणून या चित्रफिती पाहून वांद्रे रिक्लमेशनला किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर ब्रेक काढलेली गाडी चालवणे म्हणजे स्पीडवे नव्हे. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात दुसऱ्याचाही जीव जाईल.

मिथेनॉलविषयी आम्हाला जास्त कळकळीने सांगायचे आहे. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच रसायनाने. ते पोटात गेले तर आंधळेपण आणि मृत्यू. त्वचेतून आणि वाफेतूनही ते अंगात जाते. तोंडाने पाइप ओढून ते कधीही काढू नये, हातमोज्यांशिवाय हाताळू नये. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचे आधी अंगाला कळते. ते पाण्यात मिसळते, म्हणून भरपूर पाण्याने विझते. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेत, पाण्याच्या बादल्या भरून ठेवतात त्या त्यासाठी. आता रस्त्यावरच्या गाडीत ते ओतले तर काय होते? हवेच्या त्याच मापाला मिथेनॉल पेट्रोलच्या सुमारे सव्वादोन पट लागते. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, तेवढे जात नाही. मिश्रणात इंधन कमी पडते, इंजिन धड चालत नाही आणि रेटून चालवलेच तर पिस्टन जळतो. रबरी सील फुगतात. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि मुंबईच्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, कार्ब्युरेटरच्या आत पांढरा क्षार धरायला फार दिवस लागत नाहीत. स्पीडवेचे मेकॅनिकसुद्धा सामना संपला की टाकी आणि कार्ब्युरेटरची इंधनाची वाटी रिकामी करतात. मग फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ते घालून पाहू म्हणणाऱ्यांना काय सांगावे? कॉम्प्युटर एवढा फरक भरून काढत नाही.

आता शर्यत. एका फेरीत, म्हणजे हीटमध्ये, चार रायडर : दोन यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. यजमानांच्या हेल्मेटवर लाल आणि निळे आवरण, पाहुण्यांच्या पांढरे आणि पिवळे. गाड्यांपुढे आडवी ताणलेली फीत वर उडाली की चार चकरा, साधारण एक मिनिट, खेळ संपला. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला काही नाही. १५ हीटच्या सामन्यात एकूण ९० गुण वाटले जातात, म्हणजे जिंकायला ४६ हवेत. रायडरच्या वाट्याला चार-पाच हीट येतात. संध्याकाळभरात तो प्रत्यक्ष शर्यतीत असतो जेमतेम पाच मिनिटे. बाकीचा वेळ पिटमध्ये मागच्या चाकावरची चेनची दातेरी चकती बदलण्यात जातो.

ती चकती म्हणजे या खेळाचा गिअरबॉक्स. समजा मागे ५८ दातांची आहे. ५९ ची लावली तर गुणोत्तर पावणेदोन टक्क्यांनी बदलते. ऐकायला क्षुल्लक, पण तेवढ्याने सुटतानाची झेप बदलते. दात जास्त झाले आणि ट्रॅक गुळगुळीत असला तर टायर जागच्या जागी फिरत राहतो. दात कमी पडले आणि माती खोल असली तर फीत उडते तेव्हा इंजिन दबते आणि पहिल्या वळणाआधीच शर्यत हातची जाते. क्लच एकदम सोडला तर पुढचे चाक उचलते, मग पुन्हा थ्रॉटल कमी करावा लागतो. क्लचच्या प्लेटा तापून वाकल्या तर तो लिव्हर सोडण्याआधीच ओढू लागतो, गाडी फितीला लागते आणि तिथेच बाद. एकाच कडेवर झिजलेला टायर रिममधून काढून उलटा बसवतात, म्हणजे दुसरी धारदार कड कामाला येते. हे सगळे दोन हीटच्या मधल्या काही मिनिटांत.

इथेच क्लबचा संबंध येतो. प्रत्येक ट्रॅक वेगळा असतो. नियमात लांबी २६० पासून ४२५ मीटरपर्यंत चालते. कुठे वळण आवळलेले, कुठे पसरट, कुठे माती बारीक, कुठे खडीचा चुरा जाड. पाण्याचा टँकर आणि ट्रॅक्टर ठरावीक हीटनंतर फिरतात, तरी सामना पुढे सरकतो तशी आतली माती उडून बाहेरच्या कुंपणाकडे जमते. सुरुवातीला आतल्या पांढऱ्या रेघेला धरून जाणारा जिंकतो, उत्तरार्धात कुंपणालगतच्या सैल मातीत जास्त पकड मिळते. आठवड्यामागून आठवडा त्याच ट्रॅकवर उतरणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते : पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या वळणातला कोणता पट्टा शेवटपर्यंत ओला राहतो, चार गेटांपैकी, म्हणजे सुटण्याच्या चार जागांपैकी, कोणते दहाव्या हीटनंतर मेलेले असते, ट्रॅक्टर फिरल्यावर पहिल्या हीटला एक दात कमी करायचा की नाही. हे ज्ञान गाडीसोबत दुसऱ्या क्लबात नेता येत नाही. रायडर क्लब बदलतो तेव्हा हे सगळे मागे टाकून जातो.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. अनुभवी रायडर आणि पोरगेला रायडर एका हीटमध्ये जोडीने उतरतात. आतले गेट पोराला देऊन अनुभवी स्वतः बाहेरच्या गेटवर उभा राहतो. सुटल्यावर तो पुढे निघून जात नाही. पहिल्या वळणातून बाहेर पडताना तो मुद्दाम रुंद जातो, पाहुण्याची कुंपणाकडची वाट बंद करतो, खांद्यावरून मागे एकदा पाहतो आणि आतून जोडीदार येईपर्यंत वेग धरून ठेवतो. हीट ५-१. पोराला ३, याला २. मग याचे नुकसान झाले का? नाही, कारण जोडीदाराच्या लगेच मागे आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढे येणाऱ्याला एक बोनस मिळतो. तो संघाच्या बेरजेत जात नाही, पण रायडरच्या सरासरीत आणि मानधनात धरतात. जोडीदारांनी आपसातच झुंजू नये म्हणून केलेली ही सोय आम्हाला या खेळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पण हे जमायला जोडीदार नेमका कुठे असेल हे न पाहता कळावे लागते, आणि ते एका मोसमात होत नाही.

असे असूनही एकाच क्लबात राहणारे थोडे. लालसेपेक्षा नियम आणि पैसा ही कारणे मोठी आहेत. ब्रिटनच्या लीगमध्ये प्रत्येक रायडरची सरासरी काढतात : गुण अधिक बोनस, गुणिले चार, भागिले हीट. २० हीटमध्ये ४२ गुण आणि ३ बोनस असतील तर ९.००. संघ सारखे तुल्यबळ राहावेत म्हणून सगळ्या रायडरांच्या सरासऱ्यांच्या बेरजेवर मर्यादा घालण्याची पद्धत आहे. परिणाम उघड आहे. चांगला खेळलात, सरासरी वाढली, बेरीज मर्यादेबाहेर गेली, की पुढच्या मोसमात कोणालातरी निरोप द्यावाच लागतो. कित्येकदा क्लबने घडवलेला पोरगाच जातो. साठच्या दशकात तर रायडर कोणत्या क्लबात जाणार हे एक नियंत्रण समितीच ठरवत असे. शिवाय रायडर हा बहुधा स्वतंत्र व्यावसायिक असतो. गाड्या, इंजिनांची दुरुस्ती, टायर, व्हॅन, मेकॅनिकचा पगार हे त्याच्याच खिशातून जाते आणि मिळकत गुणांवर. हासळीचे हाड मोडून सहा आठवडे घरी बसला तर आवक बंद, हप्ते चालू. अशा माणसाला दुसऱ्या क्लबने जास्त रक्कम देऊ केली आणि तो गेला, तर त्याला नावे ठेवू नयेत. आणि गेला नाही तर त्याची किंमत नीट मोजावी.

एक खुलासा. रायडर एकाच मोसमात पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, ब्रिटन अशा वेगवेगळ्या लीगमध्ये खेळू शकतो. त्यामुळे ‘एक क्लब’ हे बहुतेक वेळा एका देशापुरते असते. एडवर्ड यांत्साश पोलंडमध्ये १९६५ पासून वीस वर्षे गोझूफच्या स्ताल क्लबचा राहिला, पण मधली काही वर्षे ब्रिटनमध्ये विम्बल्डनकडूनही खेळला. १९६८ च्या जागतिक अंतिम फेरीत तो तिसरा आला होता. जगज्जेता तो कधीच झाला नाही. गोझूफचे स्टेडियम आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आम्हाला विस्ताराने लिहायचे आहे ते येझी श्चाकेल याच्याविषयी. ओपोलेचा हा मुलगा १९६७ मध्ये तिथल्या कोलेयाश या रेल्वेवाल्यांच्या क्लबकडून उतरला आणि १९७९ पर्यंत त्याच क्लबकडून खेळला. त्या काळच्या पोलंडमधले क्लब कारखान्यांना, रेल्वेला, खाणींना जोडलेले असत. गिरण्यांचे आणि रेल्वेचे कबड्डी संघ पाहिलेल्या मुंबईकराला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ओपोले हा बलाढ्य क्लब नव्हता. पण १९७१ मध्ये रिब्निकला जागतिक जोडी स्पर्धेत श्चाकेल आणि आंद्झेई विग्लेंडा यांनी ३० पैकी ३० गुण मिळवले, म्हणजे एकाही हीटमध्ये एकही प्रतिस्पर्धी दोघांपैकी कोणाच्याही पुढे गेला नाही. जोडीने कसे खेळावे याचा याहून स्वच्छ पुरावा शोधूनही सापडणार नाही. त्याच वर्षी वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र त्याचा काहीच निभाव लागला नव्हता.

मग २ सप्टेंबर १९७३. खोझूफचे सायलेशियन स्टेडियम, लाखभर प्रेक्षक. सोळा रायडर, प्रत्येकाला पाच हीट, कमाल गुण १५. न्यूझीलंडचा इव्हान मॉगर तोवर चार वेळा जगज्जेता झालेला होता. वीस हीट संपल्या तेव्हा मॉगर १३, श्चाकेल १३. पोलंडचाच झेनॉन प्लेख १२ वर तिसरा. दोघांत निर्णायक हीट झाली. श्चाकेल सुटताच पुढे गेला आणि त्याला गाठण्याच्या धडपडीत मॉगर पडला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. दुसरा मिळायला ३७ वर्षे लागली : तोमाश गोलोब, २०१०.

यानंतर काही जाणकारांनी श्चाकेलला ‘नशिबाचा जगज्जेता’ ठरवले, कारण पुढे त्याला जागतिक पातळीवर असे यश पुन्हा मिळाले नाही. आमचे याला स्पष्ट उत्तर आहे. मॉगर सुटताना क्वचित मागे पडत असे. त्याला सुटण्यात हरवले की त्याला मागून यावे लागते, उडत्या मातीत चष्मा भरतो, आणि धोका पत्करावा लागतो तो मागच्यालाच. ते काम श्चाकेलने केले. शिवाय जगज्जेतेपदानंतर तो परत गेला तो आपल्याच क्लबात, आणि कारकीर्द संपेपर्यंत तिथेच राहिला. २०२० मध्ये तो गेला तेव्हा मराठीत त्याच्याविषयी आमच्या पाहण्यात काही आले नाही.

दुसरे नाव डेन्मार्कच्या एरिक गुंडरसनचे. ब्रिटनमध्ये १९७९ ते १९८९ असे अकरा मोसम तो फक्त क्रॅडली हीथकडून खेळला. क्लबने १९८१ आणि १९८३ मध्ये लीग जिंकली, तो दोन्हीत होता. १९८४, १९८५ आणि १९८८ मध्ये तो जगज्जेता झाला. १७ सप्टेंबर १९८९ रोजी ब्रॅडफर्डला जागतिक सांघिक अंतिम सामन्याच्या पहिल्याच हीटमध्ये चार गाड्यांचा अपघात झाला आणि मणक्याच्या व मेंदूच्या इजेने त्याची कारकीर्द तिथेच थांबली. तो पुन्हा चालू लागला, पुढे डेन्मार्कच्या संघाचा व्यवस्थापकही झाला. क्रॅडली हीथचे डडली वूड स्टेडियम मात्र १९९५ च्या मोसमानंतर हातचे गेले आणि पुढे तिथे घरे उभी राहिली. मैदानांच्या जागांचे काय होते हे मुंबईकरांना ठाऊक आहे. स्पीडवेत ट्रॅक गेला की क्लबजवळ जमा झालेले ते सगळे ज्ञान, कोणता पट्टा ओला आणि कोणते गेट चांगले, तेही त्यासोबत जाते.

आजच्या काळात हे आणखी अवघड झाले आहे. बार्तोश झ्मार्झलिक गोझूफमध्येच घडला, २०१९, २०२० आणि २०२२ ची जगज्जेतेपदे त्याने त्या क्लबात असतानाच मिळवली आणि २०२३ पासून तो लुब्लिनकडे गेला. त्याचे चूक आम्ही म्हणत नाही. पण गोझूफमध्ये घालवलेला त्याचा काळ हा त्याच्या कारकिर्दीचा पाया होता, हे लिहिणाऱ्याने सांगायला हवे.

आपणास विनंती आहे ती एवढीच. स्पीडवेचा निकाल किंवा एखाद्या रायडरची माहिती छापाल तेव्हा त्याच्या क्लबांची नावे आणि वर्षे द्या. जमल्यास पोलंडची वृत्तपत्रे देतात तशी त्याची ओळ द्या : ९+२ (३, २*, १*, ३). वाचायला सोपी आहे. चार हीट, नऊ गुण, आणि जिथे तारा आहे तिथे तो आपल्याच जोडीदाराच्या मागे लागून आला, म्हणून वरचे दोन बोनस. पहिल्या ताऱ्याची हीट ५-१ अशी जिंकलेली. दुसऱ्या ताऱ्याच्या हीटमध्ये एक प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला होता, तरी या दोघांनी मिळून दुसऱ्याला मागे ठेवले आणि हीट ३-३ अशी वाचवली. कंसातल्या त्या चार आकड्यांना एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही.

आपले,
दुचाकी इंजिनांचे काम करणारे काही मेकॅनिक व मोटरसायकल शर्यतींचे अभ्यासक,
लालबाग, मुंबई